रोझमेरीला हवा वाफसा



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. शब्द वेगळे, पण मजकूर एकच. हौसेने रोझमेरीचं रोप आणलं, पंधरा दिवस छान होतं, मग पानांची टोकं तपकिरी झाली. वाटलं, पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. महिन्याभरात सगळं रोप वाळून काडी झालं. आमचं काय चुकलं?

उत्तर द्यायला आम्ही उशीर केला, आणि त्याचं कारण सांगायला थोडी लाज वाटते. आमच्या स्वतःच्या गच्चीवर तीन रोझमेरी मेल्या होत्या आणि चौथी त्याच वाटेवर होती. जे आपल्याला जमलं नाही ते दुसऱ्याला कसं शिकवायचं? आता अल्हमदुलिल्लाह, एक रोप पूर्ण पावसाळा काढून उभं आहे. म्हणून आज लिहितो आहोत. पण ते रोप आम्ही वाचवलं नाही, आमच्या अम्मींनी वाचवलं. तेही सांगायला हवं.

आमच्याकडे रोझमेरी आली ती लेकीमुळे. तिला मोठा ताप येऊन गेला आणि दोन-अडीच महिन्यांनी केस मुठीने गळू लागले. डॉक्टरांनी समजावलं की मोठ्या तापानंतर असं होतं, काही महिन्यांत केस परत येतात, खाण्याकडे लक्ष द्या. पण मोबाइलवर तिला रोझमेरीच्या पाण्याचे व्हिडिओ दिसले होते. इराणमधला २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास लोक नेहमी पुढे करतात. टक्कल पडत असलेल्या १०० पुरुषांपैकी निम्म्यांना सहा महिने रोझमेरीचं तेल आणि निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल हे औषध लावायला दिलं, आणि दोन्हीकडे केसांची संख्या वाढलेली दिसली. पण तो अभ्यास तेलाचा होता, घरी उकळलेल्या पाण्याचा नव्हता, आणि तापानंतरचं केस गळणं हा निराळा प्रकार आहे. हे सगळं आम्ही लेकीला सांगितलं. तरी रोप आणलंच. म्हटलं, केसांचं अल्लाह बघेल, एक सुगंधी झाड तर घरात येईल.

आधी झाडाचं माहेर ओळखा

रोझमेरी ही पुदिना, तुळस आणि सब्जा यांच्याच कुळातली आहे. त्यामुळे नर्सरीत ती पुदिन्याच्या शेजारी ठेवलेली दिसते, आणि आपण घरी आणून तिला पुदिन्यासारखंच वागवतो. पहिली चूक इथेच होते.

हिचं मूळ घर भूमध्य समुद्राच्या काठचं. स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया इथल्या खडकाळ, चुनखडीच्या डोंगरउतारांवर ती आपोआप वाढते. अरबीत आणि युनानी वैद्यकात तिला ‘इक्लीलुल जबल’ म्हणतात, म्हणजे डोंगराचा मुकुट. डोंगरउतारावर पाणी थांबत नाही. पाऊस पडतो, दगडांतून खाली निघून जातो, मुळांना ओल लागते पण चिखल लागत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी कळल्यावर आम्हाला सगळा घोळ उलगडला. भूमध्य भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे पाऊस येतो तो जून ते सप्टेंबर, हवा गरम आणि दमट असताना. म्हणजे रोझमेरीला ऊब आणि चिखल एकत्र भोगायची सवयच नाही. मुळं कुजवणाऱ्या बुरशीला मात्र नेमकं तेच हवं असतं. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक रोझमेरी जुलै-ऑगस्टमध्ये जातात. ज्या उरतात त्यातल्या बऱ्याच मे महिन्यात आपण घाबरून घातलेल्या पाण्याने जातात.

तिचं पान हातात घेऊन पाहा. सुईसारखं बारीक, कडा खाली वळलेल्या, खालच्या बाजूला पांढरट लव. हे सगळं पाणी जपून ठेवण्यासाठी अल्लाहने दिलेलं आहे. असं पान ज्या झाडाला दिलं, ते झाड कमी पाण्यावर जगायला केलेलं आहे, हे पानच सांगतं. आपण वाचत नाही.

आमच्या गच्चीवर काय घडलं

अब्बांच्या इंतेकालनंतर गच्चीवरच्या कुंड्या अम्मींनी आपल्या हाती घेतल्या. त्या वजू गच्चीवरच्या मोरीपाशी करतात. खाली घमेलं ठेवतात आणि ते पाणी लोट्याने कुंड्यांना घालतात. पाणी वाया जाऊ नये, हा त्यांचा कटाक्ष. आमचे प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वजू करत, हे त्यांनी आम्हाला लहानपणापासून ऐकवलेलं. पाणी घालताना ओठांवर दरूद असतो. त्यांचा पुदिना, कढीपत्ता, सब्जा असा फोफावला की शेजारणी मागून नेतात.

आम्हाला हे ठाऊक होतं, पण त्याचा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता. चौथी रोझमेरी मान टाकू लागली तेव्हा तिला कुंडीतून काढलं. मातीला कुबट वास येत होता. मुळं काळी पडली होती, बोटात धरली तर वरची साल सुटून यायची. त्या दिवशी हिशेब केला. पाच वेळच्या वजूचं पाणी, प्रत्येक वेळी पेलाभर जरी धरलं, तरी दिवसाला लिटरभर होतं. वर सकाळी शाळेला जाण्याआधी आम्हीही पाणी घालत होतो. दहा इंचाची कुंडी आणि रोज लिटरभराहून जास्त पाणी!

हे अम्मींना कसं सांगायचं, या विचारात आम्ही असतानाच लेक बोलून गेली, “दादी, तुमच्या पाण्यानेच मेलं ते.”

अम्मी काही बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी मगरिबच्या वजूचं पाणी त्यांनी मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पुदिन्याने मान टाकली आणि आमच्या पोटात कालवलं. दीड वर्षं ज्या कामावर त्यांचा दिवस उभा होता, ते काम आपण एका वाक्यात काढून घेतलं होतं. लेक जाऊन बिलगली, माफी मागितली. अम्मींनी डोक्यावरून हात फिरवला, पण कुंड्यांकडे गेल्या नाहीत.

तेव्हा आम्ही शिक्षकाचं काम केलं, जे आधीच करायला हवं होतं. वर्तमानपत्र पसरलं. त्यावर एका बाजूला मेलेल्या रोझमेरीची मुळं ठेवली आणि दुसऱ्या बाजूला पुदिन्याचा एक मुळासकट गड्डा. अम्मींना म्हटलं, तुम्ही बघा आणि तुम्हीच सांगा.

अम्मींचं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीच्या रानातलं. त्यांनी चष्मा लावला, काळं मूळ बोटाने चोळलं, कुंडीतली माती मुठीत दाबून पाहिली. मातीचा लाडू झाला, फुटेना. मग म्हणाल्या, “इसकू पानी नको, वाफसा होना.”

वाफसा. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पावसानंतर रान चिखलाचं असतं तेव्हा पेरत नाहीत. कोरडं ठणठणीत झाल्यावरही पेरत नाहीत. पाणी खाली मुरलं, ओल राहिली आणि मातीच्या कणांमध्ये हवा शिरली, की रान वाफशावर आलं म्हणतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. भिजलेल्या कुंडीत हवेची जागा पाण्याने भरून जाते, मुळं गुदमरतात, मग त्यांवर बुरशी चढते. पुस्तकात आम्ही चार पानं वाचून जे समजलो, ते अम्मींनी एका शब्दात सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या अब्बांच्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली शाळू पुढे पावसावाचून निघायची. खालची ओल शोधत मूळ खोल जायचं. वरून रोज शिंपडलं असतं तर मूळ वरच राहिलं असतं.

आता प्रश्न सोडवू या

पानांची टोकं तपकिरी झाली की आपण पाणी वाढवतो. पण पाणी जास्त झालं तरी टोकं तपकिरी होतात आणि कमी पडलं तरीही. कारण एकच. दोन्हीकडे पानापर्यंत पाणी पोचत नाही. एकीकडे मातीत पाणीच नसतं, दुसरीकडे पाणी असतं पण ते वर चढवणारं मूळ कुजलेलं असतं. म्हणून पानाकडे बघून निर्णय घेऊ नका, मातीकडे बघून घ्या.

बोट दोन इंच आत घाला. माती कोरडी असेल आणि पानं कुरकुरीत होऊन गळत असतील, तर तहान आहे. माती ओली असेल आणि तरी शेंडे लवत असतील, खालची पानं पिवळी किंवा काळपट पडत असतील, तर मुळं कुजत आहेत. अशा वेळी घातलेला प्रत्येक पेला शेवटचा ठरू शकतो.

मुळं कुजत असतील तर थांबू नका. रोप कुंडीतून काढा, माती हलकेच झटका. पांढरी किंवा फिकट, टणक मुळं ठेवा. काळी, मऊ मुळं स्वच्छ कात्रीने कापा. मुळं कमी झाली म्हणून वरचा हिरवा भागही सुमारे एक तृतीयांश छाटा, नाहीतर उरलेल्या मुळांवर भार येतो. जुनी माती फेका, कोरडसर नवीन मिश्रणात लावा, एकदा थोडं पाणी द्या आणि आठ-दहा दिवस उजेड असेल पण थेट ऊन नसेल अशा जागी ठेवा. या काळात खत देऊ नका. आजारी माणसाला आपण बिर्याणी वाढत नाही.

रोप जिवंत आहे की नाही, हे ओळखायला नखाने खोडाची साल थोडी खरवडा. आत हिरवं दिसलं तर आशा आहे. बुंध्यापाशीच तपकिरी आणि कोरडं असेल तर रोप गेलं. पण तेव्हाही वरचे काही शेंडे हिरवे असतील तर ते कापून घ्या. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो.

कुंडी आणि माती

बाराव्या शतकात अंदलुसमध्ये, इशबिलिया शहरात, ज्याला आज सेव्हिल म्हणतात, इब्नुल अव्वाम यांनी ‘किताबुल फिलाहा’ हा शेतीवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं पहिलं प्रकरण मातीच्या ओळखीवर आहे. खत नंतर, पाणी नंतर, आधी माती. रोझमेरी ज्या डोंगरांवर वाढते त्याच प्रदेशातल्या माणसाने हा क्रम लावला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आमच्या सोलापूरची काळी माती शेतात सोन्यासारखी. खोल रानात ती ओल धरून ठेवते म्हणून शाळू पिकते. पण तीच माती कुंडीत भरली की भिजल्यावर चिकट गोळा आणि वाळल्यावर वीट होते. रोझमेरीसाठी नुसती काळी माती वापरू नका. आम्ही आता असं मिश्रण करतो: दोन भाग साधी माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. वाळू जाड हवी. प्लास्टरची बारीक वाळू मातीत मिसळली की उलट घट्ट थर होतो. मिश्रण तयार झालं की ओलं करून मुठीत दाबा आणि बोटाने टोचा. गोळा लगेच फुटला तर जमलं. न फुटल्यास आणखी वाळू घाला.

कोकणातल्या भगिनींची जांभ्याची माती आंबट असते. त्यांनी कृषी केंद्रात मिळणारी चुनखडीची भुकटी कुंडीमागे एक-दोन चमचे मिसळावी. काळ्या मातीत मुळातच चुना असतो, तिथे याची गरज नाही.

कुंडी मातीची, न रंगवलेली घ्या. तिच्या अंगातून पाणी उडून जातं. दहा-बारा इंच पुरे. लहानशा रोपाला थेट मोठ्या कुंडीत लावलं तर न वापरलेली माती दिवसेंदिवस ओली राहते. तळाचं भोक मोठं हवं आणि त्यावर खापरीचा तुकडा आडवा ठेवा. खाली बशी ठेवू नका. फरशी खराब होते म्हणून ठेवलीच, तर साचलेलं पाणी लगेच ओता. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवली तर सगळ्यात उत्तम.

नर्सरीतून आणलेल्या रोपाची आणखी एक गोम आहे. ते बहुधा कोकोपीटच्या गड्ड्यात वाढवलेलं असतं. तो गड्डा तसाच मातीत बसवला तर बाहेर माती कोरडी दिसते आणि आत कोकोपीट पाणी धरून बसतं. उलट, एकदा पूर्ण वाळलं की तेच कोकोपीट पाणी आत घेत नाही, पाणी कडेने निघून जातं. म्हणून लावताना बाहेरचं कोकोपीट बोटांनी मोकळं करून शक्य तेवढं काढा. मुळं तोडायची नाहीत, मोकळी करायची.

पाणी कधी आणि किती

रोज थोडं थोडं पाणी, हा रोझमेरीसाठी सगळ्यात वाईट नियम. दोन इंच माती कोरडी झाल्यावर पाणी द्या, आणि दिलं की तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. मग पुन्हा माती कोरडी होईपर्यंत हात लावू नका. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेण्याचीही सवय करा. भिजलेली आणि वाळलेली कुंडी यांतला फरक हाताला चार-पाच वेळांत कळू लागतो.

दिवस मोजून पाणी देऊ नये, तरी अंदाज म्हणून सांगतो. आमच्या गच्चीवर हिवाळ्यात आठवड्यातून एकदा लागतं, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली किंवा सज्ज्यात, पाऊस लागणार नाही पण वारा खेळेल अशी ठेवली आहे. तिथे दहा-बारा दिवस पाण्याविना सहज गेले. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर जून ते सप्टेंबर रोप उघड्यावर ठेवूच नका.

उजेडाचं म्हणाल, तर दिवसाला सहा तास ऊन हवं. सावलीत वाढलेली रोझमेरी लांब, लुळी होते, वासही कमी येतो. मात्र मराठवाडा, विदर्भ आणि आमच्या सोलापूरकडच्या मे महिन्यात दुपारचं ऊन टाळा. सकाळचं ऊन पुरतं. सिमेंटची गच्ची तापते आणि कुंडीतून मुळं भाजतात, तिथेही खालच्या विटा उपयोगी पडतात.

बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर दिसतो. ते क्षार आहेत. त्यांनीही पानांची टोकं जळतात. महिन्यातून एकदा, माती कोरडी असताना, गोडं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी भरपूर ओतून खालून वाहू द्या. क्षार धुऊन जातात.

खताची घाई नको. पावसाळा संपल्यावर मूठभर गांडूळखत आणि फेब्रुवारीत पुन्हा मूठभर एवढ्यावर आमचं रोप खूश आहे. जास्त खताने पालवी कोवळी आणि मऊ येते, कीड तिच्यावर आधी बसते आणि सुगंध पातळ होतो.

पांढरं, लाल आणि भुरकट

पानांवर पिठासारखी भुकटी दिसली तर ती भुरी. हवा कोंडल्याने येते. तेवढे शेंडे कापून टाका, कुंड्या एकमेकींपासून दूर ठेवा आणि पाणी पानांवर न घालता मातीत घाला. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर ओल्या कापडाने पुसून काढा. उन्हाळ्यात पानं निस्तेज, ठिपकेदार झाली आणि बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारा, कुंडी तिरकी धरून, म्हणजे माती भिजत नाही. नाहीच हटलं तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. फवारलेल्या रोपाची पानं काही दिवस स्वयंपाकाला घेऊ नका आणि नंतरही नीट धुऊन घ्या.

पानं काढताना नेहमी हिरवे शेंडे खुडा. खाली जिथे नुसतं लाकूड दिसतं, पान नाही, तिथे कापू नका. त्या जुन्या लाकडातून रोझमेरीला सहसा नवीन फूट येत नाही. एका वेळी हिरव्या भागाचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढायचा नाही.

एकावर भिस्त ठेवू नका

बियांपासून रोझमेरी उगवायला फार वेळ लागतो आणि उगवणही कमी. त्यापेक्षा कलम करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा चांगला काळ. चार-पाच इंचांचा निरोगी शेंडा घ्या, फुलं नसलेला. खालच्या निम्म्या भागावरची पानं काढा. वाळू आणि कोकोपीट सम प्रमाणात घेऊन ओलसर करा, त्यात शेंडा खोचा आणि उजेडाच्या सावलीत ठेवा. चार ते आठ आठवड्यांत मुळं फुटतात. हलकेच ओढून बघितलं आणि शेंडा अडला, तर मूळ धरलं समजा. पाच लावावेत तेव्हा दोन जगतात, असं धरून चाला. दोन जगले की एक घरात ठेवा, एक शेजारी द्या. आपलं गेलं तर शेजारून परत मागता येतं, आणि सदक्याचा सवाबही मिळतो, इन्शाअल्लाह.

आमच्या चौथ्या रोपाचे पाच हिरवे शेंडे आम्ही त्याच दिवशी अम्मींच्या हाती दिले. त्यांनी बिस्मिल्लाह म्हणून लावले. तीन गेले, दोन जगले. एक लेकीच्या मैत्रिणीकडे आहे. दुसरं आमच्या सज्ज्यात.

आता गच्चीवरची वाटणी ठरली आहे. वजूचं पाणी पुदिन्याला, सब्ज्याला, कढीपत्त्याला आणि खाली फाटकाजवळच्या शेवग्याला. तेही अम्मीच घालतात, दरूद म्हणतच. रोझमेरीच्या कुंडीला मात्र आमच्यापैकी कुणी पाणी घालायचं नाही, तो अधिकार अम्मींचा. फजरनंतर त्या बोट मातीत घालतात आणि नाश्त्याला आल्यावर निकाल सांगतात. “आज नको” किंवा “आज होना.” लेकही आता आपल्या मैत्रिणींना वाफसा म्हणजे काय ते समजावते. तिचे केस, डॉक्टर म्हणाले होते तसे, रोझमेरी वाढायच्या आधीच परत आले. अल्हमदुलिल्लाह.

सूरह अर-रहमानमध्ये सुगंधी वनस्पतीचा, रैहानचा उल्लेख आहे आणि त्याच्या थोडं आधी मीज़ानचा, म्हणजे तराजूचा, समतोलाचा. ही सूरह आम्ही कितीदा वाचली असेल. पण झाडाला द्यायच्या पाण्यालाही तराजू असतो, हे आमच्या ध्यानात यायला चार रोपं जावी लागली. इस्राफ म्हटलं की आपल्याला उधळपट्टी आठवते, लग्नातली ताटं आठवतात. मायेने घातलेलं पाणीही गरजेपेक्षा जास्त झालं तर तो इस्राफच. आणि चूक दाखवतानाही तराजू हातात हवा. ते आम्हाला त्या तीन दिवसांनी शिकवलं, जेव्हा अम्मींचा लोटा मोरीत रिकामा होत होता.

तेव्हा भगिनींनो, आज एवढंच करा. रोझमेरी असेल तर पाण्याचं भांडं खाली ठेवा आणि आधी बोट मातीत घाला. घरात दुसरं कोण पाणी घालतं तेही विचारा, पण प्रेमाने. आणि घरात कुणी शेतावर वाढलेलं वडीलधारं माणूस असेल, तर कुंडी त्यांच्यापुढे ठेवून म्हणा, तुम्ही बघा आणि तुम्हीच सांगा.

पुढच्या महिन्यात पुदिन्याबद्दल लिहू. तोवर दुआत आठवण असू द्या. खुदा हाफिज.